वर्षानंतरचा फोटो

"मॅडम, तुम्ही कान-नाक-घशाच्या ना? मग चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी तुम्ही कशी काय करता?" सांगलीतल्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न पेशंट विचारतात, पेशंटसोबत आलेले मामा-मेहुणे विचारतात, कधी दुसऱ्या शाखेचे डॉक्टरही विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे. ज्याच्या हातात आपण आपला चेहरा देणार, तो माणूस काय शिकून आलाय आणि त्याचं शिक्षण कुणी तपासलंय, हे विचारायलाच हवं. पण याचं उत्तर ओपीडीच्या पाच मिनिटांत देता येत नाही. शिवाय पीजी करणारी मुलं-मुली अधूनमधून मेसेज करतात, "मॅडम, फेशियल प्लास्टिकमध्ये जायचंय, कसं जायचं?" त्यांच्यासाठीही एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवावं म्हटलं.

आपल्याकडे चेहऱ्यापर्यंत तीन रस्ते जातात. पहिला प्लास्टिक सर्जनचा: एमबीबीएस, मग जनरल सर्जरीत एमएस, मग नीट-एसएस ही प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचं एमसीएच. हा पूर्ण शरीराचा अभ्यास आहे. भाजलेले, हाताच्या जखमा, चेहरा, सगळं त्यात येतं. महाराष्ट्राला याची मोठी परंपरा आहे. देशातला प्लास्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ साली डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात सुरू केला, आणि मुंबईच्या जेजेमध्ये डॉ. नोशिर अंटियांनी कुष्ठरुग्णांचे बसलेले नाक आणि वाकडे हात सरळ करण्यात आयुष्य घातलं. दुसरा रस्ता दंतवैद्यकाचा: बीडीएस आणि मग तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेतलं एमडीएस. तिसरा माझा: एमबीबीएस, कान-नाक-घशात तीन वर्षांचं एमएस, आणि त्यानंतर फक्त चेहऱ्यासाठी फेलोशिप. फेशियल प्लास्टिक सर्जरी या नावाची स्वतंत्र एमसीएच पदवी आपल्याकडे नाही. त्यामुळे या तिसऱ्या रस्त्यावर तुमचं शिक्षण कुठं पुरं झालं हे सांगणारी पाटी कुणी लावून ठेवलेली नसते. ती शोधावी लागते.

तिन्ही रस्त्यांवरची माणसं एकमेकांवर डोळे वटारतात, हे खरं आहे. मला त्यात रस नाही. मी तिन्ही शाखांच्या लोकांकडून शिकलेय. जबड्याच्या हाडांचं जे काही मला कळतं ते एका मॅक्सिलोफेशियल सरांनी रात्री-अपरात्री बोलावून दाखवलेलं आहे.

मी मूळची तासगावची. इंटर्नशिप सांगलीच्या सिव्हिलला केली, आणि चेहऱ्याचं वेड तिथल्या अपघात विभागात लागलं. सांगली जिल्ह्यात दिवाळी झाली की कारखान्यांची धुराडी पेटतात. मग मार्च-एप्रिलपर्यंत रात्रीच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोटरसायकलवरचा पोरगा अंधारात थेट ट्रॉलीत घुसतो, आणि हेल्मेट नसल्यानं पहिला मार चेहऱ्यावर बसतो. एकेका रात्री फाटलेले ओठ, आत बसलेलं गालाचं हाड, चपटं झालेलं नाक असे पेशंट ओळीनं यायचे.

त्या काळात एका सीनियर मॅडमनी फाटलेला ओठ कसा शिवायचा हे दाखवलं. ओठाचा लाल भाग आणि कातडी जिथं मिळते तिथं एक बारीक उंचवट्याची कड असते. ती कड एक मिलिमीटर जरी वरखाली बसली तरी समोर बसून बोलणाऱ्याला ती आयुष्यभर दिसते. म्हणून भूल देण्याच्या आधी, शाईनं दोन्ही बाजूंना एकेक ठिपका द्यायचा. कारण भुलेचं इंजेक्शन गेलं की ओठ फुगतो आणि कड हरवते. पहिला टाका त्या दोन ठिपक्यांना जोडणारा. बाकी सगळं नंतर. तसंच भुवईचे केस कधीही भादरायचे नाहीत, आणि गाल कापलेल्या माणसाला भूल देण्याआधी डोळे घट्ट मिटायला, कपाळाला आठ्या घालायला, दात दाखवायला सांगायचं. चेहऱ्याची नस तुटली आहे का ते त्या तीन हालचालींत कळतं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून खाली उभी रेघ ओढली, आणि जखम तिच्या कानाकडच्या बाजूला असेल, तर तुटलेली फांदी शोधून जोडायची. तेही शक्यतो बहात्तर तासांच्या आत, कारण तोपर्यंत नसेचं पुढचं टोक यंत्रानं चाचपलं तर उत्तर देतं, नंतर ते गप्प होतं.

मला तेव्हा वाटलं, हे इतकं नेमकं आहे, मग ते सगळ्यांना माहीत का नसावं? मी एमएससाठी पुण्याला गेले तेव्हा मनात हेच होतं.

एमएसच्या तीन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. कानाचे पडदे, टॉन्सिल, नाकाचं वाकडं हाड, घशाचे कॅन्सर, थिसिस, रात्रपाळ्या, सगळ्यांचं असतं तसंच माझं झालं. एक मात्र सांगते. नाकाचा मधला पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया ईएनटीवाले शेकड्यांनी करतात, आणि तीच पुढे नाकाच्या आकाराच्या शस्त्रक्रियेचा पाया असते. पडद्याची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढताना वरच्या आणि पुढच्या कडेला निदान एकेक सेंटिमीटरची पट्टी इंग्रजी एल अक्षरासारखी ठेवावीच लागते. तेवढा खांब-तुळईचा सांगाडा राहिला नाही तर वर्षा-दोन वर्षांत नाक खाली बसतं. श्वास आणि रूप या दोन गोष्टी नाकात वेगळ्या करताच येत नाहीत, आणि म्हणूनच ईएनटीच्या वाटेनं चेहऱ्याकडे येणं मला परकं वाटलं नाही.

पुण्याशी आमच्या या शास्त्राचं नातं फार जुनं आहे, आणि ते मला तिथं असतानाच एका शिक्षकांनी सांगितलं. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या विटा भाजणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नवं नाक करून दिलं. कृती पत्रात तपशिलानं दिली आहे. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून हवा तसा आकार द्यायचा, मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं खूण करायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक छोटी पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची आणि काथ लावून चिकटवायची. ती जोडपट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जननं १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली आणि १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ती युरोपभर गेली. सुश्रुतसंहितेत नाक करण्याची कृती आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण अठराव्या शतकाच्या शेवटी आपल्याच मुलखातला, शाळा-कॉलेज न पाहिलेला एक कारागीर हे हातानं करत होता, हे मला जास्त मोठं वाटतं. त्याचं नाव पत्रात नाही. त्यानं काही लिहून ठेवलं असतं तर आज आपण त्याचं नाव घेऊन शिकवलं असतं.

एमएस झाल्यावर दक्षिणेतल्या एका शहरात फेलोशिप मिळाली. तिथले सर मितभाषी, आणि कामाला अतिशय कडक. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला मटणवाल्याकडे पाठवलं: बोकडाच्या बरगड्यांची टोकं घेऊन ये. नाक पुन्हा उभं करायला जेव्हा पडद्याची कूर्चा पुरत नाही तेव्हा पेशंटच्या सहाव्या-सातव्या बरगडीची कूर्चा घेतात. तिची खोड अशी की कापून काढली की ती वाकते. गिब्सन आणि डेव्हिस या दोघांनी १९५८ साली दाखवून दिलं, की बाहेरचा थर सगळीकडून सारखा तासला आणि फक्त मधला गाभा घेतला तर ताण तोलला जातो आणि तुकडा सरळ राहतो. वाचायला हे सोपं आहे. सर मला रोज संध्याकाळी बरगडी तासायला लावायचे. दहा नंबरच्या ब्लेडनं दोन्ही बाजूंचा एकेक पापुद्रा काढायचा, तुकडा सलाइनच्या वाटीत टाकायचा आणि अर्धा तास हात लावायचा नाही. अर्ध्या तासानं तो काचेच्या पट्टीवर ठेवायचा. खालून उजेड दिसला म्हणजे वाकला, टाकून द्या, पुन्हा करा. हातातल्या ब्लेडला कूर्चेचा दाणा कळायला लागला तेव्हा कुठं सरांनी मला ऑपरेशनमध्ये तासायला दिलं.

पण सरांनी दिलेली खरी सवय लिहिण्याची. शस्त्रक्रिया झाली की त्याच रात्री नोंद पुरी व्हायला हवी. कुठं छेद घेतला, कोणता टाका कुठून कुठं, किती लांबीची कूर्चा कुठं बसवली, काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय केलं, का बदललं. नाकाच्या आकृतीवर रंगीत खुणा करायच्या. त्याला गन्टर डायग्राम म्हणतात. आणि फोटो. समोरून, दोन्ही बाजूंनी तिरपे, दोन्ही बाजूंनी पूर्ण आडवे, आणि मान मागे करून खालून. निळा पडदा, तेवढंच अंतर, तोच उजेड, आणि कानाच्या भोकाची वरची कड व डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी जराशी वर गेली तरी नाक लहान दिसतं आणि माणूस स्वतःलाच फसवतो. हे फोटो आधी, महिन्यानं, सहा महिन्यांनी आणि वर्षानं. नाकाची सूज, विशेषतः शेंड्याची, पूर्ण उतरायला वर्ष लागतं. सर म्हणायचे, टाके काढले त्या दिवशीचं नाक कुणाचंही चांगलं दिसतं, वर्षानंतरचा फोटो दाखव, मग बोलू.

दर शनिवारी ते माझ्या नोंदी वाचायचे. लाल पेन घेऊन. एकदा मी लिहिलं होतं, "शेंड्याला आधार दिला." त्यांनी समासात लिहिलं: "कशाचा? किती मिलिमीटर? कुठल्या दोऱ्यानं?" ते रागावून नव्हतं. आपण केलेलं काम दुसऱ्याला फक्त कागदावरून पुन्हा उभं करता आलं पाहिजे, एवढी त्यांची अपेक्षा होती.

फेलोशिप संपली आणि मी सांगलीला परत आले. मोठ्या शहरात राहा, तिथं कॉस्मेटिकचं काम मिळेल, असं सगळेच म्हणाले. मला घरी यायचं होतं. सांगली-मिरज ही दवाखान्यांची जुळी गावं आहेत. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथं उपचाराला येतात, आणि १९६२ पासून मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. काम कमी पडणार नव्हतं. काम आलंही, पण वेगळं. सगळ्यांत जास्त आल्या फाटलेल्या कानाच्या पाळ्या. जड कर्णफुलं वर्षानुवर्षं घालून पाळी दुभंगलेल्या बायका. मग अपघाताच्या वणांची दुरुस्ती, वाकडं आणि बंद नाक, पुढं आलेले कान शाळेत चिडवतात म्हणून आईचा हात धरून आलेली मुलं, आणि चेहऱ्यावरच्या त्वचेचे छोटे कॅन्सर काढून त्या जागी कातडी बसवणं.

बोर्डाच्या परीक्षेचा, म्हणजे सर्जनचं काम आणि ज्ञान तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या परीक्षेचा, विषय इथं सुरू होतो. अमेरिकेत १९८६ साली फेशियल प्लास्टिक सर्जरीचं वेगळं बोर्ड स्थापन झालं. त्याच्या दारात उभं राहायलाच आधी ईएनटी किंवा प्लास्टिक सर्जरीचं प्रमाणपत्र लागतं. मग प्रत्यक्ष काम करताना मागच्या दोन वर्षांत, दरवर्षी किमान शंभर याप्रमाणे, चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी पाठवाव्या लागतात. त्या इतर सर्जन वाचतात. शिवाय लेखी आणि तोंडी परीक्षा. आपल्यासारख्या देशांतल्या डॉक्टरांसाठी त्याच धर्तीवर आंतरराष्ट्रीय बोर्ड आहे: स्वतःच्या देशातलं पूर्ण प्रशिक्षण, वैध नोंदणी, दोन वर्षांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी, लेखी, तोंडी. मी त्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. मिस्टरांनी विचारलं, "सांगलीत याची कुणी विचारणा करणार आहे का?" मी म्हटलं, मला माझ्या नोंदी पुन्हा कुणीतरी वाचायला हव्यात. सरांच्या लाल पेनाची सवय लागलेल्या माणसाला एकट्यानं प्रॅक्टिस करणं फार अवघड जातं. चुकलं तर सांगणारं कुणी नसतं, आणि पेशंट तर नेहमी "छान झालंय मॅडम" म्हणतो.

अर्जातलं सगळ्यांत कष्टाचं काम परीक्षेचं नव्हतं, पेशंटला परत बोलावण्याचं होतं. वर्षानंतरचे फोटो बोर्ड मागो न मागो, ते माझ्याकडे असल्याशिवाय ती शस्त्रक्रिया मी यादीत धरत नव्हते. आमच्याकडे टाके निघाले की माणूस परत येत नाही. त्याला बरं वाटतंय, एसटीचं भाडं कशाला घालवायचं? रिसेप्शनवरची ताई संध्याकाळी फोन लावत बसायची. "मॅडमनी फोटोला बोलावलंय, पैसे पडणार नाहीत." काही जण आले, पुष्कळ आले नाहीत. मग मी जतला, आटपाडीला शिबिराच्या निमित्तानं गेले की पडदा आणि कॅमेरा गाडीत घेऊन जायला लागले.

त्यातली एक गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. हंगामात एका रात्री बीडकडची एक ऊसतोड बाई आणली गेली. भरलेल्या ट्रॉलीवरून पडली होती आणि नाकाची एक पाकळी, आतल्या अस्तरासकट, गेली होती. अशा नाकाला तीन थर लागतात: आत अस्तर, मधे आधार, वर कातडी. आधारासाठी कानाच्या वाटीतली कूर्चा घेतली. कातडीसाठी कपाळ. चांगल्या बाजूच्या पाकळीवर टाक्याच्या पाकिटातली चंदेरी फॉइल दाबून बसवली, तिचा ठसा घेतला, कापला, उलटा केला आणि कपाळावर ठेवून कडेनं शाई फिरवली. पुण्याच्या त्या कारागिराचा मेणाचा पत्रा आणि माझी फॉइल यात मला काही फरक दिसत नाही. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी रक्तवाहिनी डॉप्लर या यंत्रानं ऐकून घेतली आणि तिच्याभोवती दीड सेंटिमीटरभर रुंदीचा देठ ठेवून कातडी खाली वळवली.

अडचण पुढची. हा देठ तीन आठवडे तसाच ठेवावा लागतो. कपाळापासून नाकापर्यंत, डोळ्यांच्या मधून, बोटभर जाड पट्टी. मुकादम दुसऱ्या दिवशीच आला. नवरा-बायको मिळून एक कोयता असतो; बायको बसली की अर्धा कोयता राहतो, आणि उचल दोघांच्या नावावर घेतलेली. "तीन हप्ते कसं बसवायचं वो मॅडम, कारखाना काय थांबतोय व्हय?" मी त्याला देठ दाखवला, आणि हा आत्ता तुटला तर नाक काळं पडून जाईल, हे जसं आहे तसं सांगितलं. तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "पोरं मी बघतो, हिला हितंच ठेवा." कोपीवरची तिची दोन पोरं त्याच्या बायकोनं सांभाळली. तीन आठवड्यांनी देठ कापला, कड बसवली, आणि मार्चअखेर टोळी गावी गेली. फोटोची आशा मी सोडली होती.

पुढच्या हंगामात, दिवाळीनंतर, ती ओपीडीच्या बाकावर बसलेली. सोबत कुणी नाही. "फोटू काढायचा म्हणला व्हता ना तुम्ही, म्हणून आले." सहाच्या सहा फोटो काढून घेतले. कपाळावरचा वण वरच्या बाजूला रुंद होता, कारण तो भाग जुळला नव्हता आणि आपसूक भरून आला होता. पण केसांखाली गेला होता. पाकळी दुसरीपेक्षा जरा जाड होती. मी म्हटलं, अजून एक छोटं ऑपरेशन करून पातळ करता येईल. ती म्हणाली, "नगं मॅडम. वास येतोय, दम लागत न्हाई, नथ बी घातली दिवाळीला." तिनं बटव्यातून नथ काढून दाखवली. त्या शस्त्रक्रियेची नोंद मी यादीत सगळ्यांत वर ठेवली, जाड राहिलेल्या पाकळीच्या उल्लेखासकट.

नोंदी मंजूर झाल्या आणि तयारी सुरू झाली. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी इथल्या आम्ही काही जणांनी रात्री व्हिडिओ कॉलवर एकमेकांची तोंडी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एकानं फोटो दाखवायचा, दुसऱ्यानं बोलायचं. परीक्षेत काय विचारलं ते सांगायची मनाई असते आणि मी ती मोडणार नाही. पण स्वभाव सांगते. तुम्ही किती हुशार आहात यापेक्षा तुम्ही कुणाचं नुकसान करणार नाही ना, हे ती परीक्षा बघते. आधी काय विचाराल? काय तपासाल? बिघडलं तर काय कराल? गाल भरून दिसावा म्हणून फिलर टोचल्यावर कातडी पांढरी पडली, पेशंट म्हणाला डोळ्यापुढं अंधार आला, तर पुढच्या काही मिनिटांत तुमचा हात कशाकडे जातो? असं उत्तर ओठांवर तयार असल्याशिवाय ती सुई हातात घेऊच नये, असं मला तयारी करताना ठाम वाटायला लागलं.

आणखी एक भाग म्हणजे नाही म्हणणं. दिसण्याच्या वेडानं झुरणारी माणसं असतात. आरशातला दोष इतरांना दिसत नाही आणि कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी त्यांचं समाधान होत नाही. त्यांना सर्जनची नाही, मानसोपचाराची गरज असते. ती कशी ओळखायची, कशी सांगायची, हेही अभ्यासक्रमात आहे. आमच्याकडे याचं एक वेगळं रूप दिसतं. आई पोरीला घेऊन येते: "मॅडम, हिचं नाक जरा नीट करा, स्थळं परत जातात." मी आईला बाहेर बसवते आणि मुलीला विचारते, तुला काय वाटतं? परवा एक मुलगी म्हणाली, "मला नाकाचं काही नाही, मला एमपीएससीचा क्लास लावायचाय." मी आईला आत बोलावलं आणि ऑपरेशनला नकार दिला. उलट, तशीच दुसरी एक मुलगी म्हणाली की लहानपणी पडल्यापासून हे नाक तिला खुपतं, लग्नाशी त्याचा संबंध नाही. तिचं मी केलं. नकार आणि होकार यांतला फरक मला आधीही कळायचा. तो कारणांसह, न घुटमळता मांडायला मात्र परीक्षेच्या तयारीनं शिकवलं.

निकाल आला तेव्हा मी ओटीत होते. सिस्टरनं मोबाइल कानाशी धरला आणि कोल्हापूरच्या मैत्रिणीनं सांगितलं. आम्ही दोघीही पास झालो होतो.

आता दाराबाहेरच्या पाटीवर काय लिहायचं, हे पुष्कळ जण विचारतात. पाटीवर आजही माझ्या नावापुढे एमबीबीएस, एमएस आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक एवढंच आहे. आंतरराष्ट्रीय बोर्डाचं प्रमाणपत्र ही भारतातली मान्यताप्राप्त पदवी नाही, ती पदवी म्हणून कौन्सिलकडे नोंदता येत नाही. आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे, की त्या शाखेची विशेष पात्रता असल्याशिवाय डॉक्टरनं स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. नियम मला पूर्ण पटतो. आजकाल दोन दिवसांची कार्यशाळा करून भिंतीवर सोनेरी चौकट लावणारे आहेत, आणि पेशंटला माझी चौकट आणि ती चौकट सारखीच दिसते. म्हणून मी चौकट लावलेली नाही. कुणी विचारलं तर मी संगणकावर त्याच ऑपरेशनचे, परवानगी दिलेल्या पेशंटचे, वर्षानंतरचे फोटो उघडते. ज्यांचं काम मला जमणार नाही असं दिसतं, म्हणजे मोठं भाजलेलं, मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिनी जोडायची गरज असलेलं, त्यांना मी एमसीएच झालेल्या सहकाऱ्याचा नंबर देते. नोंदणी टिकवायला पाच वर्षांत सतत शिकत राहण्याचे तीस तासांचे गुण मिळवावे लागतात. ते मी शक्यतो शवविच्छेदनाच्या कार्यशाळेत मिळवते, कारण व्याख्यानं ऐकून हात सुधारत नाही.

जे या वाटेनं यायचं म्हणतात त्यांना मी परीक्षेबद्दल शेवटी सांगते. आधी विचारते: कालच्या ऑपरेशनची नोंद लिहिली का? बहुतेकांची नसते. सिव्हिलच्या गर्दीत, रात्रभर उभं राहून, कुणाला दोष द्यावा असं ते नाही. पण तिथूनच सुरुवात करावी लागते. फाटलेली पाळी असली तरी आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आकृती, आणि काय केलं ते असं लिहायचं की तिसऱ्या माणसाला कळेल. आणि पेशंटचा फोन नंबर दोन, एक त्याचा, एक शेजाऱ्याचा.

सध्या जत भागातला एक तरुण ईएनटी सर्जन अर्जाची तयारी करतोय. दर रविवारी तो मला आठवड्याच्या नोंदी पाठवतो आणि मी लाल अक्षरांत शेरे लिहून परत पाठवते. गेल्या रविवारी त्यानं आपलं पहिलं कपाळाच्या कातडीचं नाक पाठवलं होतं. काम देखणं झालंय. मी लिहिलं: देठाची रुंदी किती ठेवलीस ते लिहिलेलं नाही, अस्तर कशाचं घेतलंस तेही नाही, आणि तिरपा डावा फोटो पुन्हा काढ, हनुवटी वर गेलीय.